भंडारदरा

भंडारदरा : महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे एक गाव, प्रवरा नदीवरील दगडी धरणाचे ठिकाण आणि थंड हवेचे सहलस्थान. ते सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पूर्व अंगास समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवर वसले आहे. मुंबईहून इगतपुरी-घोटीमार्गे ते सु. १८५ किमी., तर नासिकहून सु. ७० किमी. अंतरावर असून जवळचे मोठे रेल्वे स्थानक इगतपुरी होय. धरणालगतच्या वस्तीस शेंडी म्हणतात. उत्तरेस कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे दुर्गत्रिकूट, नैर्ऋत्येस रतनगड आणि दक्षिणेस काहीशा अंतरावर हरिश्चंद्रगड अशा डोंगरांच्या कड्याने हा प्रदेश वेढलेला आहे. या वेढ्याच्या तळाशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे.

अग्निजन्य भूमी व प्राचीन अवशेष पाहण्यासाठी प्रवास करण्याची हौस जगभर आढळते. इजीअन समुद्रातील थीरा अथवा सँटोरिनी हे ग्रीक बेट त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. इ. स. पू. सु. १६०० च्या सुमारास तेथे झालेल्या प्रचंड उद्रेकाने बेटाचा मध्यभाग खचला, त्या कुंडात समुद्र शिरला आणि अक्रोटिरी हे ब्राँझयुगीन नगर राखेखाली गाडले गेले. स्पिरिडॉन मरीनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने १९६७ मध्ये त्याचे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. काळ्या व तांबड्या पुळणी, कड्यावरची पांढरी घरे आणि राखेतून बाहेर आलेले नगर पाहण्यास तेथे दरवर्षी लक्षावधी प्रवासी जातात. महाराष्ट्रात त्याच्या जवळपास जाणारे स्थळ शोधू गेल्यास भंडारदऱ्याचा विचार करावा लागतो. मात्र साम्याइतकाच भेदही उद्‌बोधक आहे. थीराच्या ज्वालामुखीने माणसांचे गाव झाकून टाकले व त्यामुळेच ते टिकले. भंडारदऱ्याच्या परिसरातील अग्नी माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी शांत झाला होता आणि येथील देवळे, टाकी, किल्ले व धरण हा सर्व इतिहास त्या थिजलेल्या रसातून माणसाने कोरून व घडवून काढलेला आहे. एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखी आहे. थीरा बेटावर नदी नाही. पूर्वी तेथील लोक पावसाचे पाणी हौदांत साठवीत, आता समुद्राचे पाणी गोडे करून प्रवाशांची तहान भागविली जाते. भंडारदऱ्यास पाऊस अमाप आहे. तरीही तो अडवायचा कोठे व कोणासाठी, याच प्रश्नाभोवती या भागाचा इतिहास फिरत आला आहे.

भूमी व पाऊस : येथील खडक दक्षिण ट्रॅपचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठास पडलेल्या लांब भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा वर आला व सभोवार पसरून थरावर थर साचत गेले. थीराप्रमाणे एका शंकूतून झालेला हा स्फोट नव्हे. शांतपणे, पण अफाट प्रमाणावर झालेले ते निस्सारण होते. त्यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला, असे अलीकडील कालमापनावरून दिसते. झीज होऊनही या खडकांनी आज सु. पाच लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. पश्चिम घाटातील लाव्हाथरांची जी अनुक्रमवार विभागणी भूवैज्ञानिकांनी केली आहे, तीत सर्वांत खालच्या व म्हणून सर्वांत जुन्या उपगटास कळसूबाईचेच नाव दिलेले आहे. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे शैलसमूह त्यात मोडतात. म्हणजे नवरात्रात जेथे यात्रा भरते, त्या डोंगरदेवतेचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिक ग्रंथांत रूढ झाले आहे.

कठीण, घट्ट बेसाल्टचा थर आणि त्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मऊ थर अशी येथील रचना आलटून पालटून आढळते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या मातीसारखा तांबडा पट्टा असतो. पहिला थर थंड होऊन काही काळ उघडा राहिला व कुजला, त्याची ती खूण होय. मऊ थर लवकर झिजतात, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात. त्यामुळे डोंगरांना पायऱ्यांचे स्वरूप येते. साम्रद गावाजवळील सांदण दरी ही खडकातील उभ्या भेगेत पाण्याने कोरलेली अरुंद घळ असून तिच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते. घाटघर येथे पठार एकाएकी संपते व कोकणचा तळ खाली उघडा पडतो. रतनगडाच्या माथ्यावरील ‘नेढे’, म्हणजे खडकाला आरपार पडलेले भोक, हेही झिजेचेच काम आहे.

घाटघर व रतनवाडी येथे पाऊस वर्षाला पाच हजार मिमी.च्या आसपास पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात तो पाच-सहाशे मिमी.च्या वर क्वचितच जातो. इतकी तफावत एका जिल्ह्याच्या सीमेत आढळणे विरळा. परंतु घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. मुरलेच तर भेगा व तांबड्या पट्ट्यांच्या आधाराने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि हे झरे उन्हाळ्यात आटत जातात. चार महिन्यांचा पाऊस उतारावरून पूर्वेस प्रवरेत व पश्चिमेस कोकणात निघून जातो. डोंगरावरील वस्तीला शेवटचे दोन-तीन महिने घोटभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, याचे मूळ या खडकात आहे.

प्रवरेचे खोरे : प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते व अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी व नेवासे या तालुक्यांच्या भूमीतून सु. २०० किमी. वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. पुराणकथेनुसार समुद्रमंथनातून निघालेल्या अमृताशी तिचा संबंध असून तिला अमृतवाहिनी असेही म्हणतात. अगस्ती ऋषींचा आश्रम अकोल्यास दाखवितात. कथा बाजूस ठेवली, तरी या नदीच्या काठचा इतिहास महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या कृषिवसाहतींपर्यंत मागे जातो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे (उत्खनन १९५०–५१) या गावावरून महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या एका महत्त्वाच्या टप्प्यास नाव मिळाले. नेवासे येथे १९५४–५६ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये रथ, म्हैस, हत्ती व गेंडा यांच्या ब्राँझच्या चार भरीव व वजनदार प्रतिमा सापडल्या. त्यांच्या नेमक्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अक्रोटिरी राखेखाली गेले त्या सुमारास प्रवरेच्या काठी मातीची घरे बांधून, जव-कडधान्ये पिकवून राहणारे लोक होते, एवढे मात्र निश्चित. लाव्हा कुजून तयार झालेल्या काळ्या मातीवर त्यांची शेती अवलंबून होती. ही गावे सर्व खालच्या सपाटीवरची आहेत. उगमाकडील दऱ्याखोऱ्यांचा लेखी वा वास्तुरूप इतिहास त्यानंतर पुष्कळ शतकांनी सुरू होतो.

अमृतेश्वर मंदिर : जलाशयाच्या वरच्या टोकास, रतनगडाच्या पायथ्याशी असलेल्या रतनवाडीत अमृतेश्वराचे शिवालय आहे. या भागातील प्राचीन अवशेषांत त्याचे स्थान सर्वांत वरचे मानावे लागेल. ते स्थानिक काळ्या बेसाल्टचे असून शिखर भूमिज पद्धतीचे आहे. या पद्धतीत शिखराच्या मुख्य बाजूंवर तळापासून माथ्यापर्यंत चढत जाणारे नक्षीचे पट्टे असतात व त्यांमधील जागेत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने व थरांनी रचलेल्या असतात. अंबरनाथचे शिवमंदिर (१०६०) व सिन्नरचे गोंदेश्वर यांच्याशी त्याचे नाते स्पष्ट आहे. आकाराने ते या दोहोंपेक्षा लहान असले, तरी अंबरनाथचे शिखर आज पडलेले असल्याने भूमिज शिखराची घडण समजून घेण्यास रतनवाडीचे मंदिर अधिक उपयोगी पडते. खांबांवरील व छतावरील कोरीव काम बारीक आहे. मऊ व कठीण थरांतून नेमका दगड निवडण्याचे ज्ञान कारागिरांना असल्यावाचून पाच हजार मिमी. पावसात ते नऊशे-हजार वर्षे टिकते ना.

हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील झंझ राजाने बांधले, असे सर्वत्र सांगितले जाते. झंझ हा दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेला. अल्-मसूदी या अरब प्रवाशाने ९१६ च्या सुमारास चौलच्या अधिपतीचे जे नाव नोंदविले आहे, ते त्याचेच होय. शिलाहारांच्या नंतरच्या ताम्रपटांत त्याने स्वतःच्या नावाने बारा शिवालये उभारल्याचा उल्लेख येतो व त्यावरून बारा नद्यांच्या उगमांशी बारा मंदिरे अशी परंपरा जुळविली गेली. तथापि ताम्रपटांत ठिकाणांची नावे नाहीत आणि अमृतेश्वराची शैली अकराव्या शतकाकडे बोट दाखविते. त्या काळी घाटमाथ्यावर सेऊणदेशाच्या यादवांची सत्ता दृढ होत होती, भिल्लम (दुसरा) याचा संगमनेर येथील ताम्रपट शक ९२२ (इ. स. १०००) चा आहे. शिलाहार व यादव यांच्यात सोयरीकही होती. सीमेवरच्या अशा मंदिरास एकाच राजाचे नाव देण्याचा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही.

मंदिराशेजारी चिरेबंदी पुष्करणी असून तिच्या भिंतींतील देवकोष्ठांत विष्णुमूर्ती बसविलेल्या आहेत. प्रवासी मंदिर पाहून बहुधा निघून जातात. परंतु या भागाचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने पुष्करणीपाशी अधिक थांबावे. पाऊस पडतो तेथेच, खडक खोदून, थोडे पण बारमाही पाणी धरून ठेवण्याची जी रीत येथे रुजली तिचा हा सर्वांत देखणा नमुना आहे. हीच रीत हरिश्चंद्रगडावर (१,४२२ मी.) मोठ्या प्रमाणावर आढळते. तेथील हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराभोवती लेणी, टाकी व सप्ततीर्थ नावाची पुष्करणी आहे. केदारेश्वराच्या लेण्यात कंबरभर थंड पाण्यात मोठे शिवलिंग असून त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चांगदेव (चांगा वटेश्वर) यांनी तत्त्वसार हा ग्रंथ शक १२३४ (इ. स. १३१२) मध्ये याच डोंगरावर पूर्ण केला. त्याआधी बावीस वर्षे, शक १२१२ मध्ये, प्रवरेच्याच काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगून झाली होती; मराठी वाङ्मयाच्या प्रारंभकाळातील या दोन घटना एकाच नदीच्या पाणलोटातील आहेत, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. गडाच्या पश्चिमेचा कोकणकडा आतल्या बाजूस वळलेला प्रचंड कातळ असून तेथे पावसाळ्यात धुक्यावर पडणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात वर्णिले आहे.

किल्ले व महादेव कोळी : पठारावरून कोकणात उतरणाऱ्या चोंढे, करोली इ. घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी येथील किल्ल्यांची साखळी निर्माण झाली. रतनगड (सु. १,२९७ मी.) त्यात प्रमुख. गणेश, हनुमान, कोकण व त्र्यंबक ही त्याच्या दरवाजांची नावे. गडावर कातळात खोदलेली अनेक टाकी आहेत. शिबंदीचे जीवन त्यांवर अवलंबून असे. ईशान्येकडील पट्टा किल्ल्यावर जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मुक्काम केला, म्हणून त्यास विश्रामगड म्हणतात. मराठी राज्याच्या अखेरीस, १८१८ मध्ये, हे किल्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुन्हा बंडाळीस आसरा मिळू नये म्हणून त्यांतील अनेकांच्या वाटा व पायऱ्या तोडण्यात आल्या.

या डोंगरांचे खरे रहिवासी महादेव कोळी हे होत. भात, नागली, वरई व खुरासणी ही त्यांची पिके, आणि हिरड्यासारख्या रानफळांची वेचणी हा त्यांच्या उपजीविकेचा आधार. किल्ल्यांची राखण व घाटवाटांचा बंदोबस्त हे त्यांचे परंपरागत काम कंपनी सरकारच्या काळात कमी झाले, तनख्यांत कपात झाली आणि रोख सारा भरण्यासाठी सावकाराचे दार धरावे लागले. रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली १८२८ च्या सुमारास पहिला मोठा उठाव झाला. कॅप्टन मॅकिंटॉश याने या जमातीचा जो वृत्तांत लिहिला तो या बंदोबस्ताच्या काळातील अनुभवावर आधारलेला आहे. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे (जन्म अकोले तालुक्यातील देवगाव येथे) यांनी १८४४ नंतर सावकारशाहीविरुद्ध बंड पुकारले. खतपत्रे जाळण्यावर त्यांच्या अनुयायांचा विशेष कटाक्ष होता. पंढरपूर येथे ते पकडले गेले व २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बंड मोडले. ज्यामुळे ते पेटले ती जमिनीची असुरक्षितता मात्र पुढे वेगळ्याच मार्गाने खोऱ्यात परतली.

धरण : १८७६–७८ व १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांनी दख्खनच्या पूर्व भागाची दैना झाली. १९०१ साली नेमलेल्या भारतीय पाटबंधारे आयोगाने दुष्काळनिवारक कालव्यांची शिफारस केली व तीतून गोदावरी, नीरा व प्रवरा या नद्यांवरील कामांना चालना मिळाली. प्रवरेच्या उगमाकडील रुंद, वाटीसारखे खोरे व त्याच्या तोंडाशी कठीण बेसाल्टमधील अरुंद खिंड हे धरणाला आदर्श स्थान होते. बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते १० डिसेंबर १९२६ रोजी उद्‌घाटन झाले व धरणास त्यांचे नाव देण्यात आले. जलाशय आर्थर सरोवर या नावाने ओळखला जाऊ लागला. धरणाची उंची सु. ८२ मी. व लांबी सु. ५०७ मी. असून त्या काळी ते देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. जलाशयाची साठवणक्षमता सु. ११ अब्ज घनफूट आहे. भिंत स्थानिक काळ्या दगडाची व चुन्यात बांधलेली आहे. थीरा बेटावरील ज्वालामुखी राख एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामात पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्यासाठी वापरली गेली व ती खणताना प्राचीन भिंती उघड्या पडून तेथील पुरातत्त्वीय शोधास आरंभ झाला. भंडारदऱ्यासही ज्वालामुखीचा दगड पाणी अडविण्याच्या कामी आला. येथे मात्र त्या कामाने जुन्या वस्तीचे तळ उघडे न पडता पाण्याखाली गेले.

१९६९ मध्ये धरणाच्या भिंतीत तडे व गळती आढळून आली. भिंतीच्या मागील बाजूस आधार बांधून व पोलादी तारांचे ताणबंध घालून ती पुढील काही वर्षांत बळकट करण्यात आली. धरणाच्या सांडव्यातून पाणी सोडले असता गोल खडकावरून छत्रीच्या आकाराने उतरणारा ‘अंब्रेला’ धबधबा हे बांधकामाचे अनपेक्षित फळ होय.

खोऱ्याच्या तळाची जमीन तेवढीच सपाट व ओलसर होती. भाताची चांगली खाचरे अशाच जागी असतात. जलाशय भरला तशी वस्ती वर सरकली. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांची आजची साखळी जलाशयाच्या काठाकाठाने व उतारांवर पसरलेली आहे. भूसंपादन १८९४ च्या कायद्याप्रमाणे होत असे. त्यात जमिनीची किंमत मोजण्याची तरतूद होती, माणसांना पुन्हा उभे करण्याची नव्हती. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये झाला, म्हणजे धरण पुरे झाल्यानंतर पन्नास वर्षांनी. भंडारदऱ्याचे काम चालू असतानाच १९२१ पासून मुळशी येथे टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह गाजला. मुळशीला पुण्याची वृत्तपत्रे व पुढारी जवळ होते. सह्याद्रीच्या या कोपऱ्यास ते नव्हते. मुळशीचे पाणी मुंबईच्या विजेसाठी होते, तर भंडारदऱ्याचे पाणी दुष्काळी शेतकऱ्यांसाठी होते, हाही फरक लक्षात घेतला पाहिजे. हेतू चांगला असला म्हणून खर्च कोणी सोसला हे विसरता येत नाही.

धरणाचे पाणी नदीपात्रातून खाली जाऊन संगमनेरच्या पुढे ओझर येथील बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. त्यावर खालच्या तालुक्यांत ऊस फोफावला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना १९२० च्या दशकात उभा राहिला. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने स्थापन झालेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ चा. राज्याच्या सहकारी साखर उद्योगाचा तो पाया ठरला. अतिपाण्याने काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, हेही तेवढेच खरे. धरण ज्या तालुक्यात आहे त्या अकोल्याला पाण्याचा वाटा मिळावा म्हणून १९७० नंतर तेथे आंदोलन झाले. खाली निळवंडे येथे दुसरे धरण बांधण्याच्या योजनेस १९७० मध्ये मान्यता मिळाली. तिचा डावा कालवा २६ ऑक्टोबर २०२३ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. दरम्यान जायकवाडी प्रकल्प (१९७६) पुरा झाल्याने गोदावरी खोऱ्यातील पाण्यावर मराठवाड्याचा हक्क पुढे आला व २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचे वाद वारंवार उद्‌भवतात. या सर्व वाटपात काठावरच्या वाड्यांची गरज अगदी थोडी आहे. जलाशय खाली व वस्ती वर असल्याने ती भागविण्यास उपसा, नळ व वीज लागते आणि एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. घाटघर येथे २५० मेगॅवॉटचा उदंचन जलविद्युत् प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्यात वरच्या व खालच्या जलाशयांत तेच पाणी पुनःपुन्हा खाली-वर फिरविले जाते. पाणी डोंगरावर चढविणे अशक्य नाही, याचा हा पुरावा त्याच गावाच्या शिवारात उभा आहे.

पर्यटन : धरणाच्या कामासाठी आलेल्या अधिकाऱ्यांची विश्रामगृहे हे येथील पर्यटनाचे मूळ. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान जलाशयाकाठी झाल्यावर मुंबई, पुणे व नासिक येथील कुटुंबांचा ओघ वाढला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य (सु. ३६२ चौ. किमी.) १९८६ मध्ये घोषित झाले. प्रवरेवरील सु. ५० मी. उंचीचा रंधा धबधबा पूर्वी दीर्घकाळ वाहत असे. वरच्या अंगास पाणी अडवून कोदणी येथील वीजगृहाकडे नेल्यापासून तो मुख्यतः पावसाळ्यात व विसर्ग चालू असतानाच पूर्ण रूपात दिसतो. गेल्या काही वर्षांत मे अखेर ते जून मध्य या काळात झाडांवर लुकलुकणारे काजवे पाहण्यासाठी रात्री मोटारींच्या रांगा लागतात. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीच्या मीलनाचा संकेत असतो. दिव्यांच्या झोतात तो हरवतो आणि पायांखाली जमिनीवरील माद्या चिरडल्या जातात. वन खात्याने वाहने व वेळ यांवर निर्बंध घातले, ते आवश्यकच होते.

दुसरीकडे, या गर्दीने स्थानिक तरुणांस प्रथमच गावात राहून रोख उत्पन्न मिळू लागले आहे. वाटाड्याचे काम, घरगुती जेवण, जलाशयाकाठचे तंबू, सांदण दरीत उतरण्यास दोर लावून देणे ही कामे बव्हंशी महादेव कोळी व ठाकर कुटुंबांकडे आहेत. पाहुण्यांच्या ताटात काळभातासारखे जुने वाण येऊ लागले; याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल २०२० सालचा पद्मश्री किताब जाहीर झाल्यानेही त्यांना प्रतिष्ठा लाभली. तंबूंची संख्या, त्यांचा कचरा व सांडपाणी यांस मात्र धरबंध राहिलेला नाही. आणि ज्या दिवसांत पर्यटकांची रात्रीची वर्दळ सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत वाड्यांवरील विहिरी तळाला गेलेल्या असतात.

भंडारदऱ्याचा काठ हा समुद्राच्या पुळणीसारखा नाही. पावसाळ्याअखेर पाणी झाडीपर्यंत चढलेले असते व काठ जवळजवळ दिसतच नाही. शेतीसाठी आवर्तने सुटू लागली की तो दर महिन्यास खाली सरकतो आणि मेपर्यंत तांबूस-काळ्या गाळाचा व गोट्यांचा रुंद पट्टा उघडा पडतो. गाळ भुसभुशीत व तळ एकदम खोल असल्याने तेथे पोहणे धोक्याचे आहे. रतनवाडीस जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने किंवा पाणी पुरेसे असल्यास होडीने जाता येते. मंदिर व किल्ले पाहण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. पावसाळ्यात धबधबे विपुल असले, तरी रतनगडाची वाट निसरडी होते व सांदण दरीत पाण्याचा लोंढा येत असल्याने ती बंद असते.